खतहौदातल्या गांधीलमाश्या

"'शी' म्हणून झालं असेल, तर आता बघा," असं म्हणत बाई डबा थेट माझ्या नाकाशी धरायच्या. मी कधीच बघितलं नाही. माझी चूक तिथेच झाली, हे आधीच कबूल करतो.

बाई खडकीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी. इमारतीमागे ओल्या कचऱ्याचा खतहौद आहे. अशा हौदाचं झाकण तुम्ही कधी उचललं असेल, तर फार सांगायला नको. सडक्या पपईत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या, आंबूस काळं पाणी, आणि तोंडावर उठणारा माश्यांचा ढग. त्याच माश्या मग वर येऊन आमच्या चहाच्या कपांवर बसत.

बाई त्या घाणीत हात घालून माश्यांचे कोष वेचायच्या. तांबूस, गव्हाएवढे. ते डब्यात भरून डब्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधायच्या आणि डबा हौदाच्या कठड्यावर ठेवायच्या.

एकदा हा डबा त्यांनी मीटिंगमध्ये आणला. बटाटेवडे चालले होते. समोरच्या काकांनी हात पुढे केला. "बडीशेप वाटतं?"

"घ्या ना. मात्र आतून पोखरलेली आहे."

मग त्यांनी समजावलं. गांधीलमाशी या कोषात अंडं घालते. तिची अळी आतली माशी खाते. मोठी झालेली गांधीलमाशी कोषाला सुईच्या टोकाएवढं गोल भोक पाडून निघते, जाळीतून निसटते आणि पुन्हा हौदात जाते. माशी मात्र कोषाचं टोपण फोडून निघते आणि जाळीतच अडकते. "ही बघा, केवढीशी आहे ती," बाई म्हणाल्या. मी डोळे मिटले होते. तोंडातला वडा गिळवेना.

त्या सगळ्यातून 'गांधीलमाशी' एवढाच शब्द लोकांनी घरी नेला. आपल्याला गांधीलमाशी म्हटलं की एकच ठाऊक: पिवळी, लांब पायांची, डसली की डोळा सुजवणारी. ग्रुपवर एकच गलका झाला. "तिथे मुलं खेळतात!" बाई मुलाकडे गेल्या होत्या. मी फोन करून विचारू शकलो असतो. पण मला त्या हौदाचीच किळस होती. निमित्त मिळालं आणि मी फवारणीवाला बोलावला.

बाई परतल्या तेव्हा डब्याभोवती काळी भुकटी पडली होती. मला ती धूळ वाटली. बाईंनी ती बोटाने गोळा केली. त्या बाईंच्या मेलेल्या गांधीलमाश्या होत्या; मुंगीहून बारीक, माणसाला कधीही न डसणाऱ्या.

"अभिनंदन, सेक्रेटरी. आता माश्यांना कसलीच काळजी नाही."

तसंच झालं. फवारणीने गेलेल्या माश्या काही दिवसांत परतल्या, पहिल्यापेक्षा जास्त. बाईंनी डबा पुन्हा ठेवला नाही. पुढे त्या हिंजवडीला मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप लागलं आणि मला स्वतःचीच किळस येऊ लागली.

मी फवारणी बंद केली. नाक दाबून, ओकाऱ्या आवरत हौदात हात घालू लागलो. बरेच दिवस टोपण फुटलेले कोषच हाती लागले. मग एक सापडला, नेमकं गोल भोक असलेला. मग आणखी काही.

ते डबीत घालून मी हिंजवडीला गेलो. सोळावा मजला, चकचकीत फरशी. सुनेने डबीत डोकावून "शी!" म्हटलं आणि ती आत गेली. बाई एक कोष उजेडाकडे धरून बघत राहिल्या.

"तुम्ही बघायला सांगत होतात आणि मी बघितलं नाही. मारल्या मीच. मला माफ करा, बाई."

त्यांनी कोष माझ्या नाकाशी धरला. "'माफ करा' म्हणून झालं असेल, तर आता बघा."

मी बघितलं.