काचेचा उरलेला कोपरा

धोंडीरामनं माझ्या दुकानाची काच दोनदा फोडली आहे. दुसऱ्या वेळी एक तुकडा माझ्या भुवईत घुसला, चार टाके पडले. तेव्हा त्याच्याविषयी लिहायचा हक्क गावात माझ्याइतका कुणाचाच नाही, आणि ज्याला तो मान्य नसेल त्यानं आधी माझी भुवई बघून जावी.

दिंद्रुडच्या मेन रोडवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. धोंडीराम म्हणजे आमच्याकडचे पुढारी सोमेश्वरभाऊ, त्यांचा माणूस. भाऊंनी बंद पुकारला की शटर न ओढणाऱ्याची काच फोडायची, हे त्याचं वीस वर्षांचं काम. बंदची कारणं बदलायची, दगड मारणारा हात तोच. त्या हातात कसब होतं, हे मला तोंडावरचं रक्त पुसतानासुद्धा कबूल करावं लागलं. साधी काच तो मधोमध फोडायचा, तिच्या सुऱ्या होऊन खाली यायच्या. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेला मधे मारलं तर दगड उलटून येतो. तिला तो कोपऱ्यात मारायचा आणि दहा फुटी काच ज्वारीच्या दाण्यांसारखी सांडायची. एकदा मेडिकलवाल्याचा नोकर आडवा आला, तर त्याचा दंड यानं असा पिरगळला की त्या माणसाचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

असा माणूस गेल्या भादव्यात माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी गल्ल्याला कुलूप घातलं. त्याच्यापुढं त्याची सोळा वर्षांची भाची मनिषा होती. हातात बादली, रबरी वायपर आणि शाम्पूची पुडी.

मनिषाचे आईबाप ऊसतोडीला जातात. टोळीचा ट्रक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होता. तिची आई सत्यशीला, म्हणजे धोंडीरामची बहीण, म्हणत होती की वयात आलेली पोर एकटी मागं ठेवायची नाही. सोबत न्यायची आणि तिकडंच कुणा तोडणाऱ्याशी लग्न लावून द्यायचं. मनिषाला जायचं नव्हतं. गावात धड काम मिळालं तर ठेवते, एवढं आईनं कबूल केलं. म्हणून पोरीनं मामाला गाठलं. "मामा, गावातल्या समद्या काचा तुमाला ठाऊक हायती. मला पुसायचं काम लावून द्या."

त्यानं लावून दिलं. आठवड्यातून एकदा काच पुसणार, महिन्याला दोनशे, असं ती बोलायची आणि तो मागं हाताची घडी घालून उभा राहायचा. एका दुपारी चौदा दुकानं झाली. मीही दोनशे काढून दिले आणि म्हणालो, "पुसायचं राहू द्या ताई, काच स्वच्छच आहे." चौदाही जणांनी हेच केलं. आम्हाला वाटलं, हा हप्ता आहे, पोरगी नुसती निमित्ताला. धोंडीरामला यातलं काहीच उमगलं नाही. त्यानं काही मागितलं की माणसं आयुष्यभर त्याच्याशी अशीच वागत आली होती.

पोरीला मात्र तिसऱ्याच दिवशी उमगलं. बादली घेऊन आली आणि म्हणाली, "काका, पुसू तर द्या."

"कशाला त्रास घेतेस? पैसे मिळाले ना?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाहेर थांबलेल्या मामानं ते पाहिलं मात्र, आत येऊन माझी गचांडी धरली आणि मला काउंटरवरून ओढलं. माझं डोकं झेरॉक्सच्या झाकणावर आपटलं.

"पुसू दे की बे तिला! कावून पुसू देत न्हाईस?"

"सोडा त्यान्ला!" मनिषा किंचाळली. "ह्यो हप्ताच झाला, मामा! तुमी संगं हाय तवर लोक भिऊन पैसं देतील. काम कुणीच देणार न्हाई."

त्यानं मला सोडलं. ज्यांना त्यानं तुडवलं, त्यांचाही चेहरा मी इतका पडलेला पाहिला नव्हता. मनिषानं चौदाही दुकानांत पैसे परत केले. दुसऱ्या दिवसापासून ती एकटी फिरू लागली, आणि एकानंही तिला काम दिलं नाही. मीही नाही. असल्यांच्या नादी लागू नये, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणत होतो. खरं म्हणजे मी सूड उगवत होतो, आणि तोही सोळा वर्षांच्या पोरीवर.

दसऱ्याला पाच दिवस उरले असताना भाऊंनी पुन्हा बंद पुकारला. नेमकी त्याच दिवशी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. आठ पोरंपोरी आत बसलेली. मी शटर अर्धं ओढून काम चालू ठेवलं.

बाराच्या सुमारास पन्नासेक जण आले. पुढं धोंडीरामऐवजी हनुमान, त्यानंच तयार केलेला गडी, हातात लोखंडी गज. भुवई फुटल्यावर मी टफन काच बसवून घेतली होती; पहिला दगड तिच्या मधोमध बसून उलटला.

"कोपरा! कोपरा धरा बे!" हनुमान ओरडला.

वरचे दोन कोपरे शटरमागं होते, खालचा एक पायरीच्या कठड्याआड. उरला एक. त्या कोपऱ्याला पाठ लावून धोंडीराम खाली बसला. तो कुठून आला, ते मला दिसलंच नाही.

"उस्ताद, बाजूला व्हा."

"न्हाई होत."

"भाऊंचा हुकूम हाय."

"मग मार की बे."

हनुमाननं मारलं. पहिला गज खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज काचेच्या आत आम्हाला आला. मग बाकीचे तुटून पडले. काठ्या, लाथा, दगड. एक दगड कानामागं लागला, त्याचं डोकं काचेवर आदळलं आणि रक्त काचेवरून खाली ओघळलं. वीस वर्षं ज्यानं लोकांना मारलं, त्यानं एकदाही हात उगारला नाही. उगारायला उठला असता तर कोपरा उघडा पडला असता.

आत पोरी रडत होत्या आणि मी झेरॉक्स मशीनच्या मागं दडून बसलो होतो. माझ्या काचेपायी माणूस मरायला टेकला होता आणि मी बाहेर गेलो नाही. याची लाज वाटते, अजूनही वाटते.

पोलिसांची गाडी आली तेव्हा ते पांगले. धोंडीरामला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही हात मोडलेले, डोक्याला अठरा टाके. काचेला साधा तडाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर खालच्या कोपऱ्यात रक्त वाळून काळं पडलं होतं. मी बादली भरली, फडकं भिजवलं आणि थांबलो. मग मनिषाला फोन लावला.

"येतेस का? काच पुसायची आहे. दर आठवड्याला."

मामाचे कपडे न्यायला ती दवाखान्यातून पहाटेच्या एसटीनं गावात आली होती. दहा मिनिटांत पोचली, डोळे सुजलेले. काचेसमोर उकिडवी बसून तिनं तो कोपरा पाहिला. मग दवाखान्यात मामापाशी असलेल्या आईच्या मोबाइलवर फोन लावून स्पीकर चालू केला.

"मामा, वाळलेलं रगत काचंवरनं कशानं निघतं?"

कुणाचं, असं त्यानं विचारलं नाही. जड जिभेनं म्हणाला, "गार पाणी घे. गरमानं चिकटतं. आधी भिजू दे, मंग पेपरचा बोळा फिरव. आन् कोपऱ्याला जोर लावू नगंस." मग त्यानं विचारलं, "तुला तिथं कुणी धाडलं?"

"कुणीच न्हाई. दुकानवाल्या काकानं बोलावलं. सोताहून."

पलीकडून धोंडीराम रडत असल्याचं ऐकू आलं. एवढा दांडगा माणूस लेकरागत हुंदके देत होता.

"दादा, रडू नगंस, टाकं तुटतील," उशाशी बसलेली सत्यशीला त्याला म्हणाली. मग तिनं फोन जवळ घेतला. "मने, ट्रकात तुझी वळकटी न्हाई टाकत ग."

मनिषानं फोन तसाच चालू माझ्या पायरीवर ठेवला, गुडघे टेकले आणि काचेवर गार पाणी सोडलं.