नरसिंगचे पंचवीस जोर

सुमनबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. भाकरी थापताना तिनं भिंतीपलीकडचं भांडण ऐकलं. सासरा तिच्या नवऱ्याला, नरसिंगला, झाडत होता. नरसिंगनं शिलाईकाम चार महिन्यांत सोडलं, किराणा दुकान दोन महिन्यांत, आणि त्या दिवशी गिरणीवरचं काम तर जेवणाच्या सुट्टीतच. सासरा म्हणाला, "जत्रंतला पाळणा बी तुझ्यापरीस जास्त दिस एका जागी ऱ्हातो." सुमनबाईची भाकरी करपली. आपण हे ऐकलं, असं तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

पुढं नरसिंग ड्रायव्हर झाला. त्या धंद्यात एका जागी राहावंच लागत नाही. मादन हिप्परग्याहून लोकांना क्रूझरमधून नेऊन आणायचं. बावन्नाव्या वर्षी रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरनं अंग हलवायला सांगितलं. त्यानं रोज दोन किलोमीटर पळणं आणि पंचवीस जोर धरले. चार दिवसांचं खूळ, असं सुमनबाई मनात म्हणाली. पण ते सुटेना. सोलापूरला स्टँडाबाहेर, हैदराबादला दवाखान्यामागं, भाडं जाईल तिथं तो पळाला. एकदा हुमनाबादच्या पंपावर जोर काढत होता, तर कुणी भला माणूस, याचं काही गाडीखाली पडलंय समजून, शेजारी आडवा होऊन शोधू लागला. असे एकही न चुकता सहाशे अकरा दिवस झाले.

सहाशे बाराव्या दिवशी गाणगापूरचं भाडं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या मालतीबाई आणि त्यांच्या घरची माणसं, मिळून सात जण. एक जागा रिकामी होती, म्हणून सुमनबाईही बसली. मालतीबाईंना पहाटे चारला निघायचं होतं आणि नरसिंग बीदरहून उशिरा आलेला, त्यामुळं सकाळचं पळणं राहिलं. मग वाटेत टायर बसलं. मग संगमावर आंघोळी, तिथून लॉज, लॉजवरून देऊळ. दुपारचे दोन वाजले तरी याच्या पायांना रस्ता मिळेना. स्टिअरिंगवर बोटं वाजव, दार उघड, दार लाव.

"जरा बसा की," सुमनबाई म्हणाली.

"बसूनच तर हाय सकाळपासून."

मंडळी प्रसादाला गेली, तशी ती बाटली भरायला नळावर गेली. नरसिंगनं ठरवलं, आधी जोर उरकावेत. उपाशीपोटी, गाडीच्या सावलीत, तो पालथा झाला. एकोणिसावा जोर चालू होता आणि मंडळी परत आली. पाहतात तर चाकाशी ड्रायव्हर पालथा आणि अंगानं घामाघूम.

सुमनबाई आली तेव्हा त्यांनी त्याला उताणा केला होता. एक जण नाकाला चप्पल लावत होता, एक जण तोंडावर पाणी मारत होता आणि मालतीबाई साखरेच्या माणसाच्या तोंडात पेढा कोंबत होत्या. त्याला बोलायला जागाच नव्हती.

"जोर मारायलेत ओ ते, बाई," सुमनबाई म्हणाली.

मालतीबाईंना पटलं नाही. स्टँडावर दुसरा ड्रायव्हर मिळतो का बघा, असं त्यांनी पुतण्याला सांगितलं. गाडी तो चालवेल, नरसिंगनं मागं झोपून यावं. नरसिंगनं पेढा थुंकला. आता गावात कळणार, नरसिंगला गाडीजवळ भोवळ आली, आणि मग भाडं कोण देणार? पण त्याची नजर होती उन्हाकडं. दिवस कलायला लागला होता, त्यात मागं झोपून जायचं म्हणजे आजचं पळणं गेलंच.

सुमनबाई मोठ्या माणसांपुढं सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "बाई, ह्या माणसानं जन्मात एकच गोष्ट धरून ठेवलीय. तेवढी आमच्या हातून मोडाय नको. पळू द्या, मग ठरवा."

नरसिंगनं चमकून बायकोकडं पाहिलं. ती बाटलीचं झाकण लावत होती.

मालतीबाईंनी घड्याळ पुढं केलं. "आधी जोर. पहिल्यापासून."

"एकोणीस झालेत की बाई."

"मी मोजले नाहीत."

त्यांनी कवायतीच्या आवाजात मोजलं, पंचविसाच्या पंचवीस. मग तो संगमाच्या रस्त्यानं पळत सुटला. आधी पोट, मागून नरसिंग. वळणापाशी दिसेनासा झाला आणि सुमनबाईला बसवेना. ती गाडीभोवती फिरू लागली. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच. मालतीबाईंनी तिला बसायला सांगितलं. ती हो म्हणाली आणि सहावी फेरी घातली. उन्हात धाडलं आपणच. काही झालं तर कुणाचं नाव घ्यायचं?

सतरा मिनिटांनी तो दिसला. लाल झालेला, पण पायांवर उभा. आल्या आल्या बाटली अर्धी रिकामी केली आणि विचारलं, टायर आत्ताच दाखवायचं की आळंदला. मालतीबाईंनी पुतण्याला मागच्या सीटवर पाठवलं, स्वतः पुढं बसल्या आणि म्हणाल्या, "आळंदला दाखव. चल."

दिवेलागणीला सगळ्यांना दारात उतरवून झालं. मालतीबाईंची वळकटी त्यानं ओट्यापर्यंत नेऊन दिली. घरी आल्यावर सुमनबाईनं जेवायला वाढते म्हटलं, पण फिल्टरचं पाणी संपलं होतं. नरसिंगनं रिकामा कॅन खांद्यावर टाकला, चप्पल घातली आणि रोजच्यासारखा पाणी आणायला गेला.