लई मोठं रान, आत जीव न्हाई
घोडेगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या प्रज्ञानं आपल्या लाडक्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाची कित्येक वर्षं वाट पाहिली होती. पहिल्या भागात गावोगाव नवी माणसं, नव्या भानगडी भेटायच्या. आता दुसरा भाग आला, त्यात नकाशा अवाढव्य झाला होता, पण कुठंही जा, तेच गुंड, तीच हाणामारी! वर तिचा घोडा भिंतीत अडकला, तो निघेचना.

"लई मोठं रान केलंय राव, पण आत जीवच न्हाई," ती आपल्या चॅनेलवर वैतागून बोलली.

"पोरींना काय कळतं गेममधलं?" कुणीतरी खाली लिहिलं.

प्रज्ञानं दुसरा व्हिडिओ टाकला. त्यात गेममधल्या प्रत्येक गावात एकच म्हातारी तेच वाक्य बोलताना दाखवली.

"पटलं, ताई," त्यानंच कबूल केलं.

तरी तिची चिडचिड जाईना. वाद जिंकून काय करायचं? तिला तर खेळायचं होतं.