मामांनी घेतलेली पिशवी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर केडगावच्या माझ्या थोरल्या मामांचे. आमचं गाव पाबळच्या पुढे. घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बारावीनंतर मामांनी मला स्वतःकडे नेलं आणि पदवी होईपर्यंत ठेवून घेतलं. सुट्टीनंतर मी एसटीतून उतरलो की ते आधी माझ्या हातातली पिशवी घेत, मग ख्यालीखुशाली विचारत. भाच्यानं ओझं उचलायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता.

डोंगरातल्या शर्यतीचे नियम वेगळे असतात. यवतच्या मागच्या डोंगरात आम्ही पन्नास किलोमीटर धावतो. पाणी, शिट्टी, मलमपट्टी असलेली पिशवी ज्याची त्यानंच पाठीवर न्यायची असते. दोन वर्षं मी वेळेत पोचलो नव्हतो. तिसऱ्या वर्षी वेळ हाताशी होती आणि शेवटचा चढ तेवढा उरला होता. त्या चढाच्या पायथ्याशी मामा उभे होते. धुतलेली टोपी घालून, मोटारसायकलवर मला बघायला आले होते.

त्यांनी माझ्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली. मी म्हणालो, नियम आहे. ते म्हणाले, असंल, आणि चढू लागले. मामांच्या हातातून पिशवी ओढून घेणं मला आजवर जमलेलं नाही. मी मागून गेलो. साठीतले मामा माझ्यापेक्षा भराभर चढत होते.

वर तपासणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीनं पिशवी कुठे आहे म्हणून विचारलं.

"ही काय. भाच्याची हाय," मामा म्हणाले.

"काका, ती त्यांच्या पाठीवर लागते."

"आन् मी काय मेलोय व्हय?"

तिनं माझ्या नंबरावर रेघ मारली आणि माझी शर्यत इथंच संपली, असं मामांना नीट समजावून सांगितलं. मामा पुढे होऊन उतरू लागले. पिशवी मात्र त्यांच्याच हातात होती.

त्यानंतर त्यांनी माझा फोन घेणं बंद केलं. मामी सांगायची, रानात गेलेत. ते जेवणाच्या वेळेलाही रानातच असायचे. शेवटी मी पत्र लिहिलं.

"ती. मामांना शि. सा. नमस्कार. मामी म्हणाली, पोराचं नुकसान केलं असं तुम्ही म्हणता. नुकसान झालं, ते खोटं सांगत नाही. पण तुम्ही पिशवी घेतली नसती, तर तुमची तब्येत बरी नाही की काय, असं मला वाटलं असतं. पुढच्या शर्यतीत मी परत नाव दिलंय. त्याच चढाला यावं. पिशवी देणार नाही. मात्र तिथं मला धाप लागते, बोलता येत नाही, तेव्हा वरपर्यंत बोलत राहायचं काम तुमच्याकडे. त्याला मनाई नाही, मी विचारून घेतलंय. फोन उचलावा. आपला भाचा."