विभावरी देवतळे आणि तिचे नऊ जण

विजय नगरातल्या आमच्या कंपनीत बावीस माणसं आहेत आणि वयाने सर्वांत मोठा मी. हजेरी, रजा, नेमणुकीची पत्रं, असा कागदी कारभार माझ्याकडे असतो. सॉफ्टवेअरमधलं मला फारसं कळत नाही. पण माणसांकडून काम कसं करवून घेतात, ते बी.कॉम. झाल्यापासून अडतीस वर्षं चार कचेऱ्यांत पाहत आलो आहे. ते विभावरी देवतळेइतकं चांगलं करणारं दुसरं कोणी मला आठवत नाही.

ती रामरावांची मुलगी. रामराव जीसीएफमध्ये, म्हणजे तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यात, फिटर होते आणि रांझीला आमच्या शेजारी राहत. इंजिनीअर होऊन ती पुण्याला गेली, आणि वडिलांच्या आजारपणात परत आली ती इथलीच झाली. आमचे मालक विष्णू हे तिच्याहून दोन वर्षांनी लहान, हुशार पण तापट. त्यांनी तिला नऊ जणांची प्रमुख केलं.

तिची एक पद्धत मला अजिबात पटली नव्हती. शनिवारी साडेअकराला सगळे पोहे-जलेबी घेऊन बसत, आणि त्या आठवड्यात आपलं काय चुकलं ते प्रत्येकाने सांगायचं. पहिली चूक नेहमी विभावरीची. मी तिला एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "विभा, अशानं धाक कसा राहील?"

"धाक असला की लोक लपवतात, काका. लपवलेलं मी कुठून दुरुस्त करू?"

मला पटलं नाही ते नाहीच.

त्या नऊ जणांत हेमलता होती. मुलांसाठी सात वर्षं घरी राहून ती पुन्हा नोकरीला आलेली. मुलाखतीनंतर विष्णू म्हणाले होते, "दीदी, ये नहीं चलेगी." विभावरीने तिच्यासाठी सहा महिने मागून घेतले. त्यातल्या पाचव्या महिन्यात तो बुधवार आला.

रिछाईत भाऊराव इंगोल्यांचा पशुखाद्याचा कारखाना आहे. त्यांच्या ट्रकच्या वजनकाट्यावर आमचं सॉफ्टवेअर चालतं. काट्याची चिठ्ठी निघाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नाही. सकाळी पावणेदहाला हेमलताने एक बदल पाठवला आणि काटा प्रत्येक ट्रकचं वजन शून्य दाखवू लागला. तिने दोन मिनिटांत उभं राहून सांगितलं, "माझ्याकडून चुकलं. रिछाईचा काटा बंद पडला आहे." सगळे धावले, जुनं सॉफ्टवेअर परत बसवलं. चाळीस मिनिटांत काटा सुरू झाला, पण तोवर रांग मुख्य रस्त्यावर गेली होती.

भाऊरावांनी फोनवर विष्णूंना झाडलं आणि चूक करणाऱ्याचं नाव मागितलं. विष्णूंनी मला बोलावलं. "काका, हेमलताचं कामावरून कमी केल्याचं पत्र तयार करा."

मी पत्र टाइप करून नेलं. विभावरी तिथेच उभी होती. तिने ते वाचलं.

"आणखी एक लागेल, काका. पहिलं पत्र माझ्या नावाचं करा."

"दीदी, ड्रामा नको," विष्णू म्हणाले.

"ड्रामा नाही. कोणताही बदल दुसऱ्यानं तपासल्याशिवाय जात नाही, असा आपला नियम आहे. काम देण्याची तारीख जवळ आली म्हणून सोमवारी तो मी आठवडाभरासाठी बंद केला. तुम्हालाही विचारलं नाही. नियम चालू असता तर हा बदल गेलाच नसता."

 विष्णू म्हणाले, "भाऊराव नाव मागून राहिले ना! त्यांना काय सांगू?"

"मी आणि हेमलता जाऊन सांगतो."

"जा. पण ते म्हणाले हेमलताला काढा, तर मी काढीन. काका, तुम्ही पत्र घेऊन सोबत जा."

ऑटोत हेमलताची नजर माझ्या फाइलवर होती. आत पत्र आहे, हे तिला माहीत होतं.

भाऊराव काट्याच्या केबिनबाहेर उभेच होते. "कोण तो कलाकार?"

विभावरी तोंड उघडणार, तेवढ्यात हेमलता म्हणाली, "मी." आणि तिने सगळं क्रमाने सांगितलं: काय बदललं, शून्य का आलं, कधी लक्षात आलं, कधी कबूल केलं. मग विभावरीने बंद केलेल्या नियमाचं सांगितलं, तेही काही न झाकता.

"दोन मिनिटांत कबूल केलं?" भाऊराव म्हणाले. "काहून? गप्प राहिली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

"लवकर कळलं नसतं. पण तुमचे ट्रक दुपारपर्यंत उभे राहिले असते."

भाऊराव मागे वळून आपल्या सुपरवायझरवर ओरडले, "ऐकून राहिला का, अंबादास? मागच्या महिन्यात मशिनचा पट्टा तुटला, तर तीन दिवस एक माणूस बोलला नाही. म्हणे, अपने आप टूट गया!"

अंबादास जमिनीकडे बघू लागला. मला मात्र विभाचे शनिवार आठवले. रामराव असते तर आज त्यांना हाताला धरून इथे आणलं असतं.

"अच्छा, पुन्हा बिघडला तर?" भाऊरावांनी विचारलं.

"तो नियम मी दुपारीच पुन्हा चालू केला," विभावरी म्हणाली. "पुढे काय करायचं ते हेमलता सांगेल."

हेमलता म्हणाली, "आजचा शेवटचा ट्रक जाईपर्यंत मी इथेच बसते. इथे प्रत्यक्ष काय होतं, ते मी कधी पाहिलंच नाही."

भाऊरावांनी केबिनचं दार उघडून दिलं. "बसा. चहा येईल."

पाच वाजता विष्णूंचा फोन आला. "काका, काय झालं? पत्र दिलं का?"

मी केबिनकडे पाहिलं. हेमलता काटेवाल्याला काहीतरी विचारत वहीत लिहून घेत होती, आणि विभावरी दोघांच्या मागे उभी राहून नुसती ऐकत होती.

"नाही," मी म्हणालो. "हेमलताबाई कामावर आहेत."