दोन श्रावण धरणारी मुलगी

रविवारी सकाळी जयपूरच्या प्रताप नगरातल्या त्या घराच्या स्वयंपाकघराचा ताबा हर्षालीकडे जायचा, आणि सुधाकाकू दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. मदतीला नव्हे, पहारा द्यायला.

"हा राजमा कधीपर्यंत पुरवणार?"

"बुधवारपर्यंत."

"म्हणजे बुधवारी शिळं खायचं. आमच्यात रात्रीची भाजी सकाळी कुणाला द्यायचीसुद्धा लाज वाटते."

हर्षाली फोडणी परतत राहायची. उत्तर दिलं की हात थांबायचे, आणि हात थांबले की डोकं सुरू व्हायचं. तिचं डोकंच तिच्या वाईटावर होतं. तेल किती पडलं, भात जास्त झाला का, एक पराठा काढून टाकला तर कुणाला कळणार आहे, असं ते सारखं कुजबुजायचं. म्हणून आहारतज्ज्ञ प्रज्ञा मॅडमनी तिला ही सवय लावली होती. आठवड्याचं अन्न रविवारीच शिजवायचं, डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि त्या दिवशी हाती येईल तो डबा संपवायचा. काय खायचं, किती खायचं, हे रोज ठरवायची पाळीच येऊ द्यायची नाही.

हर्षालीचे वडील सैन्यात. जयपूरहून त्यांची बदली आसामला झाली, तेव्हा कॉलेज मोडू नये म्हणून ती काका-काकूंकडे राहिली. घराणं मूळचं कोरेगावचं. सुरुवातीला काकूंना ती फार आवडली, कारण मुलगी उपासाची. इकडे उत्तरेत श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. गेल्या वर्षी हर्षालीने शेजारणींबरोबर इथला श्रावण धरला, आणि तो संपायच्या आत काकूंबरोबर आपलाही. शिवाय संकष्ट्या आणि एकादश्या होत्याच. काकूंनी कोरेगावला फोन करकरून सांगितलं, पोरीनं दोन श्रावण धरले! सगळ्यांनी कौतुक केलं. शंका कुणालाच आली नाही. दिवाळीच्या तोंडावर ती दुर्गापुऱ्याच्या स्टेशनात जिन्यावर कोसळली, तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव काकूंना अजून पटलेलं नव्हतं.

"न जेवण्याचा आजार म्हणे! उद्या एकादशी करणाऱ्या सगळ्या बायकांना भरती करतील."

डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, वजन पुन्हा घसरलं तर हे वर्ष कॉलेज बंद आणि मुक्काम दवाखान्यात. वजन दर मंगळवारी व्हायचं.

त्या सोमवारी ती कॉलेजमधून आली, बॅग टाकली आणि फ्रिज उघडला. तिचा कप्पा रिकामा होता. डबे धुऊन ओट्यावर पालथे घातलेले होते.

"काकू, माझं जेवण?"

"गाईला घातलं." काकू बेलाची पानं निवडत होत्या. "आज इथल्या श्रावणाचा पहिला सोमवार. समोरच्या शर्माबाई अभिषेकाचं दूध ठेवायला आल्या, फ्रिज उघडला तर कांद्या-लसणाचा हा भपकारा! मान खाली घालावी लागली मला. आजचा दिवस उपास कर. गेल्या वर्षी किती छान करत होतीस."

हर्षालीला आधी राग आलाच नाही. आधी वाटलं, सुटले. आपण तर काहीच केलं नाही, डबे काकूंनी टाकले, मॅडमना तसं सांगता येईल. आतून एक जुना, थंडगार आनंद पसरत गेला. तो तिने ओळखला आणि ती घाबरली. आजार आणि काकू एकाच बाजूला उभे होते, आणि तीही हळूच तिकडे सरकत होती.

"कसला सोमवार?" तिचा आवाज चढला. "आपला श्रावण लागलाय का? मतलब, आपलं पंचांग वेगळं, असं तुम्हीच सांगता ना?"

"आवाज खाली. दार उघडं आहे."

"राहू दे उघडं. आपला आषाढ चालू आहे. तळलात आषाढ? कोरेगावला घरोघरी कढया चढल्या असतील. आणि तुम्ही शर्माआंटींच्या श्रावणासाठी आपला आषाढ गाईला घातलात!"

काकूंच्या हातातली पानं ताम्हनात पडली. आषाढात तळण झालं नाही ते घर त्यांच्या लेखी घरच नव्हे, आणि यंदा ते खरोखरच राहिलं होतं.

"मला आषाढ शिकवतेस? मराठी धड वाचता येत नाही तुला! काढ कढई. पण ऐकून ठेव. तळलेलं तू खायचंस, माझ्या समोर. नाहीतर आत्ता आसामला फोन लावते, घेऊन जा म्हणावं तुमची पोरगी."

हर्षालीच्या तोंडचं पाणी पळालं. तळण तर मॅडमनीसुद्धा अजून पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवलं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

काकूंनी गुळाच्या पाण्यात कणीक भिजवली. पोळी लाटून खसखस दाबली, शंकरपाळ्यासारख्या कापण्या पाडल्या आणि तेलात सोडल्या. घरभर गूळ तळल्याचा वास सुटला. हर्षालीचं डोकं किंचाळायला लागलं. तेल बघ, तेल बघ.

काकूंनी ताटली तिच्यापुढे आपटली. "माझा उपास. चव तूच बघ."

तिने एक उचलली. कडेचा तुकडा चावला.

"उंदरासारखी काय कुरतडतेस? नीट खा!"

"खातेय ना! ओरडू नका."

"ओरडणार. माझं घर आहे. गूळ बरोबर आहे का?"

"कमी आहे."

"कमी? माझ्या हातचा गूळ कमी? आणखी एक खा, मग बोल!"

तिने दुसरी उचलली, काकूंवर डोळे रोखून. काकूही तशाच बघत होत्या. डोकं अजून किंचाळतच होतं, पण काकूंचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी कामाचा वाटला.

"आणि माझ्या डब्यांना परत हात लावायचा नाही," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

"मग कांदा घालू नकोस."

"घालणार."

तिसरी कापणी संपवून ती उठली. राजमा भिजत घातला आणि टोपलीतला सगळ्यात मोठा कांदा काढून, काकूंना दिसेल असा, ओट्यावर ठेवला.