शेवटच्या रांगेतली शांती

इट्टूप्पचेट्टनबद्दल, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या दादाबद्दल, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी चर्चचा कप्यार. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं एवढंच मला जमतं. पण जे घडलं त्यात माझाही दोष आहे, म्हणून लिहितो.

बांधावरच्या फणसाच्या भांडणात शेजारच्या कुर्याक्कोने चेट्टनांच्या थोरल्या मुलाच्या, पैलीच्या मानेवर कोयता घातला. चेट्टन मध्ये पडले, तर दुसऱ्या वाराने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं उडाली. पैली तिथेच फणसाच्या बुंध्याशी गेला. बोटं मी केळीच्या पानात गोळा केली. ती पैलीच्याच पेटीत पुरली.

चौदा वर्षांनी कुर्याक्को तुरुंगातून सुटून घरी आला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याचा कुत्रा गळा चिरून फाटकाला टांगला. चेट्टनांचा धाकटा मुलगा लुक्का ताडीच्या दुकानात म्हणाला, “ईस्टरच्या आत ह्याला गटारात झोपवतो.”

“आधी गटार तरी उपस,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

कुर्याक्को दर रविवारी येऊन शेवटच्या रांगेत उभा राही. आमच्याकडे मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, अच्चन, आमचे पाद्री, अल्तारावरून, म्हणजे वेदीवरून, हातांच्या स्पर्शाने शांती देतात. ती मी जोडल्या हातांत घेतो, पहिल्या रांगेत देतो आणि मग ती हातातून हातात मागे जाते. कुर्याक्कोच्या पुढचा माणूस ती घेई आणि हात कमरेच्या मुंडूत, लुंगीच्या घडीत, खुपसून उभा राही. मला दिसत होतं. तंटा नको म्हणून मी गप्प बसलो.

पण तंटा झालाच. एका रविवारी मिस्सा संपल्यावर लुक्काने कुर्याक्कोला अंगणात गाठलं. दगडाने तोंड फोडलं, पडल्यावर लाथा घातल्या. दोन दात पायरीवर पडले. वडीलधारे बघत उभे होते. मी घंटेची दोरी धरून उभा होतो.

इट्टूप्पचेट्टन माझ्यापाशी आले. “शांती त्याच्यापर्यंत जाते का रे?”

“नाही, चेट्टा.”

“कोण अडवतं?”

“सगळेच. जो त्याच्या पुढे उभा असेल तो. मी बघत असतो.”

पुढच्या रविवारी चाळीस वर्षांची पहिल्या रांगेतली जागा सोडून ते थेट कुर्याक्कोच्या पुढे जाऊन उभे राहिले. लुक्का दारात होता, कमरेला कोयता.

शांती मागे आली. चेट्टनांनी घेतली आणि ते वळले. त्या दोन बोटांच्या हाताकडे बघून कुर्याक्को मागे सरकला.

“नको, चेट्टा.”

“हात पुढे कर. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. अजून जमलेलं नाही. पण ही अल्तारावरून आली आहे. माझ्या घरची नाही, अडवायला.”

कुर्याक्कोने हात जोडून पुढे केले. चेट्टनांनी ते आपल्या हातांत धरले. तेवढ्यात लुक्काने बापाला मागून खेचून आपटलं. डोकं खांबावर आदळलं. रक्त कानामागून मुंडूवर उतरलं. लुक्काने कोयता उपसला.

“आता तुझी पाळी, लुक्का,” चेट्टन जमिनीवरूनच म्हणाले. “त्याच्याकडून घे.”

कुर्याक्कोचे जोडलेले हात लुक्कापुढे आले. लुक्का त्या हातांवर थुंकला आणि निघून गेला. कुर्याक्कोने हात पुसले नाहीत. मिस्सा संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

चेट्टनांना अकरा टाके पडले. पुढच्या रविवारी ते खाटेवरच होते. मिस्सा संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो.

“पोहोचली का?”

“हो. आज मी शांतीमागोमाग शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. त्याच्या पुढच्या माणसाने हात मुंडूतून बाहेर काढले आणि ती दिली.”

“लुक्का?”

“अंगणात होता. आत आला नाही.”

“हातात काही होतं?”

“नाही, चेट्टा. रिकामे होते.”

त्यांनी डोळे मिटले.